कानामागचा ‘ळ’

नऊ दिवसांपूर्वी मी एका थोर बाईंचा कान दोनशे माणसांच्या हसण्यावर टांगला. हेतू वाईट नव्हता. माझे हेतू कधीच वाईट नसतात. ते बिचारे घरी बसलेले असतात आणि उद्योग बोटं करून येतात.

आता बोटांना दोष देतोय खरा, पण या बोटांना वळण लावलं ते त्याच बाईंनी. अर्ध्या शहराला टायपिंग शिकवलेल्या आमच्या टायपिंगच्या बाई. माझा वेग बरा होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मात्र मी उदार. ज्या उकाराला यावंसं वाटेल त्यानं यावं. बाई चुकीभोवती लाल शाईचा गोल काढायच्या आणि त्याच हातानं फूटपट्टीचा एक वळ माझ्या बोटांवर.

तर झालं असं. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चष्मेवाले. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की भाऊजींना पोट आत घ्यावं लागतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, टेबलावर हिरव्या मखमलीचा ट्रे आणि त्यात तिळाएवढे स्क्रू. एखादा खाली पडला, की “कोणी हलू नका!” असं ते ओरडतात आणि फरशीवर चक्क आडवे होतात.

दुरुस्तीला येणारा चष्मा नुसता तुटून येत नाही. त्याच्यावर आधी घरगुती उपचार झालेले असतात. कोणी काडीच्या जागी टूथब्रशचा दांडा बसवलेला असतो, कोणी नाकाला टोचतं म्हणून खोडरबराचे काप लावलेले असतात. एका आजोबांनी तर दिव्याचा उजेड डोळ्यांत येतो म्हणून काचांच्या वर पुठ्ठ्याचं छप्परच घातलं होतं. दुसरा दुकानदार हे उपटून केरात टाकेल. भाऊजी आधी ते पिवळ्या फडक्यावर ठेवतात, फोटो काढतात, “डोकं बघ काय चालवलंय पठ्ठ्यानं!” असं म्हणत स्वतःशीच खूश होतात आणि तो फोटो आमच्या अकरा जणांच्या ग्रुपवर टाकतात. ग्रुपचं नाव ‘नाकावरची गंमत’. सकाळी साडेदहाला ती गंमत आली नाही, तर मला चहा फिका लागतो.

नियम दोनच. चष्मा कोणाचा ते विचारायचं नाही आणि फोटो बाहेर पाठवायचा नाही.

“लोक चष्मा काढून माझ्या हातात देतात ना,” भाऊजी एकदा म्हणाले होते, “तेव्हा त्यांना समोरचं दिसत नसतं. आपल्याला दिसत असतं. म्हणून आपणच जपून वागायचं.”

त्या दिवशीचा फोटो मात्र सगळ्यांवर कडी करणारा होता. चष्म्याची मोडकी काडी तांब्याच्या तारेनं सांधलेली, आणि मागचा अर्धा भाग म्हणजे टाइपरायटरमधली ती लोखंडी काडी, बटण दाबल्यावर उडी मारून अक्षर छापते ती. तिच्या टोकाला ‘ळ’. म्हणजे चष्मा घातला की कानामागे ‘ळ’! छापायचं अक्षर उलटं असतं म्हणे, पण ‘ळ’ उलटा असो की सुलटा, ‘ळ’च.

कोणाचा हे विचारायची गरजच नव्हती. मी आनंदानं वेडा झालो, आणि वेड्यानं करावं ते केलं. ऑफिसातल्या मित्राला, तोही बाईंचाच विद्यार्थी, फोटो पाठवला आणि खाली टाइप केलं, “ओळखा पाहु कोणाचा चष्मा!” त्यानं तो माझ्या शब्दांसकट बाईंच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ढकलला. तिथे दोनशे जण. आणि खुद्द बाई.

पाच मिनिटांत कोणीतरी लिहिलं, “बाई, आमच्या बोटांवर वळ, तुमच्या कानावर ‘ळ’!” इथपर्यंत ठीक होतं. मग एक सज्जन हात जोडून आले. “बाईंवर ही वेळ यावी? आपण सगळे मिळून त्यांना नवा चष्मा घेऊन देऊ या.” त्याखाली एकोणचाळीस जोडलेले हात. विनोद बाईंनी पचवला असता. ती दया त्यांच्या घशाखाली उतरली नसावी. संध्याकाळी चष्मा न्यायला त्या आल्याच नाहीत. भाऊजी तो घेऊन त्यांच्या घरी गेले, तर बाई दारातूनच म्हणाल्या, “असू दे तुमच्याकडे.” आता त्या जुन्या नंबराच्या चष्म्यानं भिंत चाचपत फिरतात.

भाऊजींनी ग्रुप बंद केला. शेवटचा निरोप दोन शब्दांचा, “गंमत संपली.”

ताई कडाडली, “अकरांतल्याच कोणीतरी खाल्लं शेण! मला तर मोठ्या जाऊबाईंचा संशय आहे.” आणि मी, देवा, मान हलवली! त्या माउलीला फोटो पुढे पाठवता येत नाही, अजून फोन उचलताना ती चुकून कट करते.

रोज संध्याकाळी मी दुकानात जाऊन बसायचो, सांगायचं म्हणून. माझ्या स्टुलासमोरच बाईंचा चष्मा डबीत ठेवलेला. काल एक माणूस चष्मा घेऊन आला, काडीवर सायकलच्या ट्यूबचं मोजडीसारखं टोक चढवलेलं. एरवी भाऊजी नाचले असते. त्यांनी ते ओढून काढलं आणि केरात टाकलं. बघितलंसुद्धा नाही.

“बाईंना मी नवी काडी फुकट देत होतो,” गिऱ्हाईक गेल्यावर ते आपणहून म्हणाले. “ती ‘ळ’ची काडी त्यांच्या बंद पडलेल्या मशीनची आहे. म्हणाल्या, नको, फक्त तार घट्ट करा. छत्तीस वर्षं मी तिला बडवलं, आता तिला माझा कान धरू दे.”

मला स्टुलावर बसवेना. आज दुकान उघडतानाच गेलो. भाऊजी भिंग डोळ्याला लावून एक स्क्रू पिळत होते. मी एका दमात सगळं ओकून टाकलं. फोटो, मित्र, जाऊबाई, मान हलवणं, सगळं. शेवटी म्हणालो, “भाऊजी, दोन थोबाडीत मारा, पण बोला काहीतरी.”

त्यांनी स्क्रू पुरता पिळला. भिंग काढलं. बाईंची डबी माझ्या हातात ठेवली.

“बाईंचा निरोप आहे तुला, नऊ दिवस झाले: ‘पाहू’तला ‘हू’ दीर्घ.”