रत्नाआत्यानं मागितलेली माफी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही. देवालासुद्धा धड सांगितलेलं नाही — डोळे मिटले की "प्रभू, तुला सगळं माहीत आहे" म्हणते आणि पुढं सरकते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच का? असेल.

आधी रत्नाआत्याबद्दल. ती माझी सख्खी आत्या नव्हती; परळीच्या आमच्या चर्चच्या मंडळीत तिला सगळेच आत्या म्हणायचे. मी सिरसाळ्याजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजसाठी परळीत राहायचं कुठं, असा प्रश्न आला तेव्हा ती माझ्या वडिलांना म्हणाली, "पोरगी माझ्याकडं राहू द्या. मला बी कुणीतरी बोलायला पायजे." तीन वर्षं मी तिच्या पत्र्याच्या खोलीत राहिले, तिच्या हातची भाकर खाऊन बी.ए. झाले. परळीत थर्मल वीजकेंद्राची राख सगळ्यांच्याच घरात येते, पण माझ्या वह्यांवर ती कधी दिसली नाही. मी उठायच्या आत आत्यानं पदरानं पुसलेली असायची.

बोलायची मात्र फार. "माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, म्हणून तर देवानं दात काढून घेतले," असं तीच म्हणायची, आणि बायका हसून लोळायच्या.

दर बुधवारी बायकांची प्रार्थना असे. नऊ-दहा जणी. कुणाचं दुखणं, कुणाच्या नवऱ्याची दारू — जिची तिनं विनंती सांगायची, मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना. लिहिता येणारी मी, म्हणून विनंत्यांची वही माझ्याकडं. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हे कुणी कुणाला कधी सांगावं लागलं नाही.

शांताबाईंनी एका बुधवारी मुलीसाठी विनंती सांगितली. एस्तेरला फिट यायच्या. अंबाजोगाईच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, प्रार्थनाही चालू होती, आणि दोन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. आता तिला नगरकडचं चांगलं स्थळ आलेलं. पसंती झालेली. "पुढल्या बैठकीला पोराकडच्यांना मी सोताच्या तोंडानं सांगनार हाय," शांताबाई म्हणाल्या, "डॉक्टरचा कागद बी दाखवनार हाय. तवर मला धीर ऱ्हावा म्हणून प्रार्थना करा माय." मी वहीत लिहिलं — शांताबाई, धीर.

लांबवते आहे मी. कळतंय मला.

मी तेव्हा एका खाजगी शाळेत तात्पुरती शिक्षिका होते. मुख्याध्यापक मला उभं ठेवूनच बोलायचे. एक दिवस ऑफिसात बोलावलं. एस्तेरला पसंत केलेल्या मुलाचे मामा आले होते — शिक्षण खात्यातले मोठे अधिकारी. मुख्याध्यापकांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली. कपबशीत चहा आला. मामा म्हणाले, "मॅडम, एस्तेरबद्दल शेजारीपाजारी चांगलंच सांगतात. तुम्ही मंडळीतल्या, शिकलेल्या. तुमचा शब्द मी मानतो."

माझा शब्द. तोवर कुणी मागितला होता तो?

मला एस्तेरचा राग नव्हता. हेवाही नव्हता. विश्वासणाऱ्या माणसानं खरं बोलावं म्हणून बोलले, असंही नाही — पुढं कित्येक वर्षं मी स्वतःची तशी समजूत घातली खरी. पण ते सांगण्याचा हक्क शांताबाईंचा होता, दिवसही त्यांनी ठरवला होता, आणि हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग का सांगितलं? "मुलगी चांगली आहे" एवढं म्हणून त्या खुर्चीवरून उठवेना, म्हणून. त्या माणसासमोर काहीतरी वजनाचं बोलायचं होतं. माझ्याजवळ वजनाचं तेवढंच होतं.

मी म्हणाले, "तिला फिटचा आजार आहे."

गोळ्यांचं सांगितलं नाही. दोन वर्षांचं सांगितलं नाही. "बरं झालं तुम्ही बोललात," मामा म्हणाले. आणि मी खूश होऊन वर्गावर गेले.

स्थळ मोडलं. आजारी मुलगी गळ्यात मारत होते, असा निरोप आला. बुधवारच्या बायकांशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं. आणि आत्या त्याच आठवड्यात नगरला, भाचीच्या लेकराच्या बाप्तिस्म्याला जाऊन आली होती. वर तिचं ते तोंड! तिला कुणी काही बोललं नाही. ती आली की बायका गप्प व्हायच्या, एवढंच. "कावून गं, मला बघून समद्यांची वाचा बसती?" तिनं एकदा विचारलं. मी वहीची पानं चाळत बसले.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मनात कुणाबद्दल अढी असेल तर माणूस भाकर घेत नाही. शांताबाईंनी दोन महिने भाकरीचं ताट तसंच पुढं जाऊ दिलं. सगळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या महिन्यात पाळकसाहेब भाकर मोडण्याआधी थांबले. म्हणाले, ज्यांचं कुणाशी काही असेल त्यांनी आधी जाऊन भेटावं.

आत्या उठली. सतरंजीवरून बायकांच्या मधून वाट काढत शांताबाईंपाशी गेली, गुडघे टेकले.

"शांते, माझ्याच तोंडून कुटंतरी निसटलं आसंल. मला आठवत न्हाई, लई आठवून बगितलं. पर निसटलं आसंल. माफ कर माय."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. उठायला किती वेळ लागतो माणसाला? शांताबाईंनी तिला मिठी मारली. दोघी रडल्या, सगळी मंडळी रडली. मीही रडले — आणि ते रडणं बघून शेजारणीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग ताट आलं. शांताबाईंनी भाकर घेतली. आत्यानं घेतली. मीही घेतली.

एस्तेरचं पुढं लातूरला लग्न झालं. शांताबाईंनी आधी सगळं सांगितलं, कागद दाखवला, त्या लोकांनी हो म्हटलं. तिला आता मुलगी आहे. हे सांगून मी माझा अपराध हलका करत नाही, पूर्वी करायचे.

कारण आत्याचं काय झालं, ते मी रोज बघत होते. बुधवारी विनंत्या सुरू झाल्या की ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायची. "चालू द्या तुमचं. माझ्या तोंडाचा काय भरवसा न्हाई." बायका म्हणायच्या, अगं झालं ते झालं, माफ केलंय ना. ती मान हलवायची आणि बाहेरच बसायची. दाताची ती थट्टा पुन्हा कधी ऐकली नाही. अकरा वर्षं. माझं लग्न झालं, नोकरी कायम झाली, खुर्ची मिळाली. आणि ज्या बाईला बोलायला कुणीतरी हवं होतं, ती तोलून मापून बोलायला लागली. माझ्याशीसुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात ती दवाखान्यात होती. पोटात पाणी झालं होतं. आता फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी तिच्या भाचीला समजावून सांगितलं होतं. मी रजा टाकून तिच्याजवळ थांबले. एका दुपारी तिला चमच्यानं पेज भरवत होते. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला तिनं हात आडवा केला.

"त्या एस्तेरच्या टायमाला माझ्या हातून पाप झालं. प्रभूनं माफ केलं आसंल का गं?"

वॉर्डात कुणी नव्हतं. पलीकडची बाई झोपली होती. ऐकणारं आम्हां दोघींशिवाय कुणी नाही, आणि विचारणारी ती — खरं सांगणं याहून सोपं आणखी कसं होणार होतं?

मी म्हणाले, "केलं, आत्या. कधीच केलं."

तिनं डोळे मिटले, खोल श्वास घेतला. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "लई बरं वाटलं बग."

ती गेली ती दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत ती शुद्धीवर होती, बोलत होती. मी तिच्या उशाशीच बसले होते.