चादरीखालचा गोदाघाट

ते प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. नव्वदच्या दशकाची अखेर, मी नाशकात निरीक्षक होतो. एक वयस्कर चित्रकार ठाण्यात आले आणि बाकावर बसून रडायलाच लागले. दोन वर्षं खपून काढलेलं गोदाघाटाचं चित्र घरातून चोरीला गेलं होतं. जुन्या विलायती धाटणीचं. जाणकार त्या शैलीला नवअभिजात म्हणतात. मला कळलं ते एवढंच, की मोठं शांत आभाळ, शिस्तीत उभी देवळं आणि नदीवर सोनेरी ऊन. अनावरण व्हायचं होतं, तोवर त्यावर चादर होती, बायकोलासुद्धा दाखवलं नव्हतं. "हात थरथरतो आता, साहेब. पुन्हा नाही जमायचं," म्हणाले.

पंचनाम्यात दिसलं, कॅनव्हास पात्यानं कापला नव्हता. एकेक खिळा उपसून अलगद काढला होता, रिकामी चौकट मागंच होती. भुरटा चोर एवढे लाड करतो होय! मग खबऱ्यानं बातमी आणली: अंबडला दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं सुताराकडून त्याच मापाची चौकट करून घेतली आहे. हा पेंटर आणि चित्रकार एकाच गुरूचे शिष्य. एकाचं नाव झालं, दुसरा पाट्यांवरच राहिला.

उचलून आणला. गडी पक्का. "मी ते चित्र बघितलंच नाय, साहेब," एवढं एकच पालुपद. दरडावलं, चहा पाजला, तरी ढिम्म. शेवटी त्याला ऐकू जाईल असं मी हवालदाराला म्हटलं, "सोडा हो. चित्रात काही दम नव्हता म्हणतात. पाणी तर डबक्यासारखं काढलंय."

पेंटर ताडकन उठला. "कोण म्हणतो डबकं? पायरीपाशी हिरवट, पुढं नुसतं सोनं! जळतो मी त्याच्यावर, साहेब, लय जळतो! जन्मभर झक मारली, मला तसा एक थेंब नाय जमला!"

चित्रकाराखेरीज ते पाणी कुणी पाहिलंच नव्हतं. बोलून गेल्यावर ते त्याच्याही ध्यानात आलं.

चित्र त्याच्या खोलीत, पलंगासमोर टांगलेलं मिळालं. साधा ओरखडाही नव्हता. मुद्देमाल ओळखायला चित्रकार आले तेव्हा पेंटर काय बोलला ते मी त्यांना सांगितलं. म्हातारा खवळेल असं वाटलं होतं. ते कोठडीतल्या पेंटरकडे वळले. "गाढवा, हेच एकदा माझ्या तोंडावर बोलला असतास! बाकीचे नुसते वा वा करतात रे. गुरुजींच्या माघारी चित्रातलं कळणारा तू एकटाच उरलास." पकडल्यावर न रडलेला पेंटर तेव्हा हमसून हमसून रडला.

मत्सराचे गुन्हे पुढं पुष्कळ पाहिले. भावाभावांत, जावाजावांत, अगदी आमच्या खात्यातही. जळणाऱ्या माणसाला समोरच्याची थोरवी सगळ्यांच्या आधी कळलेली असते, फक्त ती तोंडातून निघत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

कोर्टाच्या हुकमानं चित्र परत मिळालं आणि उशिरानं का होईना, अनावरण झालं. शहरातली बडी मंडळी आली होती, टाळ्यांचा कडकडाट झाला. चित्रकार मात्र सारखे दाराकडे बघत होते. पेंटरला जामीन मिळाला नव्हता.