दोन भागधारकांची सभा

लिफ्टवाल्यांच्या कंपनीची वार्षिक सभा दरवर्षी अगदी सुरळीत पार पडायची, कारण ती कधी भरतच नसे. वर्ष संपलं की अकाउंटंट बाई इतिवृत्ताचा कागद पाठवायच्या, ‘सभा झाली, ठराव एकमताने मंजूर’, आणि लिफ्टवाले तो बायकोपुढे सरकवायचे. ती भाजी चिरता चिरता हात पुसून सही ठोकायची. कंपनीत माणसं दोनच, आणि निम्मे शेअर तिच्या नावावर. करासाठी, नुसतं कागदोपत्री, असं लिफ्टवाले एकदा म्हणाले होते आणि मग विसरूनही गेले होते.

माणूस मात्र कामाला वाघ. नव्या इमारतीत लिफ्टचं कंट्रोल पॅनेल जोडायचं, ती खालीवर पळवायची आणि प्रत्येक मजल्यावर गुडघे टेकून उंबरठा चाचपायचा. बोटभरही खालीवर राहिली तर पुन्हा पहिल्यापासून. पण कंत्राटी काम म्हणजे कधी तुपाशी तर कधी उपाशी. एका मंदीत सबंध हिवाळा फोन वाजला नाही, तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला: कमाई कंपनीतच ठेवायची, घरात लागेल तेवढीच आणायची. बायको कंपनीला ‘माझी सवत’ म्हणायची. “तिला नटवा हो, मला आहेच हे जुनं जॅकेट.” घराच्या कर्जाचा हप्ता तिच्या रात्रपाळीच्या भत्त्यातून जायचा. ती हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसत असे.

पन्नाशी उलटली आणि गुडघ्यांनी शिड्यांशी असहकार पुकारला. नेमक्या त्याच वेळी लिफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्याने लिफ्टवाल्यांना कायमची नोकरी देऊ केली. नव्या तंत्रज्ञांना शिकवायचं, तेही खुर्चीत बसून. “आजारी पडलो तरी पगार!” हे ते इतक्यांना सांगत सुटले की शेजारी त्यांना आजारी समजून चौकशीला आले. खरं तर त्यांचं मन भरून आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पुढच्या महिन्याचीही खात्री दिली होती.

कंपनीतले पैसे काढायला ते अकाउंटंट बाईंकडे गेले तेव्हा बाईंनी आधी हातानेच थांबवलं.

“एकदम लाभांश म्हणून काढाल तर तो नव्या पगाराच्या डोक्यावर बसेल आणि मोठा लचका करात जाईल. त्यापेक्षा दोन रस्ते आहेत. कंपनी रीतसर बंद करा, देणी भागवा आणि उरेल ते भांडवल म्हणून वाटून घ्या. कर हलका. पण मग दोन वर्षं हाच धंदा स्वतःचा म्हणून पुन्हा थाटायचा नाही, नाहीतर ती सवलत गेली.”

“आणि दुसरा?”

“कंपनी झोपवून ठेवा. दरवर्षी थोडा थोडा लाभांश काढा. कर जवळजवळ नाहीच, पण सगळे निघायला सात-आठ वर्षं जातील.”

लिफ्टवाल्यांना दुसरा रस्ता एकदम पटला. नोकरी उद्या गेली तर? मागे काहीतरी उभं पाहिजे. “करा कागद, बायको सही करील.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “निम्मे पैसे त्यांचे आहेत. या वेळी खरोखर सभा घ्या.”

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सभा भरली. बायको नुकतीच झोपून उठली होती, केस विस्कटलेले, हातात चहाचा कप.

“सभेला सुरुवात करू या,” लिफ्टवाले घसा खाकरून म्हणाले.

“अहो अध्यक्ष, बिस्किटांचा डबा इकडे सरकवा आधी.”

त्यांनी डबा सरकवला आणि दोन्ही रस्ते नीट समजावले. मग ठराव मांडला, कंपनी झोपवून ठेवण्याचा, आणि स्वतःचा हात वर केला. बायकोचा हात कपावरच राहिला.

“माझं मत विरोधात,” ती म्हणाली.

लिफ्टवाल्यांना वाटलं थट्टा चाललीय. “अगं, असं कसं? तुझी सही तर नेहमी...”

“सही नेहमी होती. मत कुणी विचारलं होतं?” तिचा आवाज चढला नाही. “कंपनी बंद केली तर कर्ज फिटतं. कर्ज फिटलं की मला भत्ता नको, मी दिवसपाळी मागू शकते. सात-आठ वर्षं थांबायचं म्हणजे मी रिटायर होईपर्यंत रात्री जागायचं.”

“पण तुलाच तर रात्रपाळी आवडते! शांत असतं, म्हणालीस.”

“त्या हिवाळ्यात म्हणाले होते. तुम्ही फोनसमोर बसून असायचात, तोंडात घास जायचा नाही. तेव्हा काय म्हणणार होते, मला झेपत नाही म्हणून?” तिने कप खाली ठेवला. “तुमच्या काळजीपायी जागले, त्याचं दुःख नाही. पण आता मला झोपायचंय हो.”

इतकी वर्षं लिफ्टवाल्यांना वाटत होतं, आपल्याला सांभाळलं ते कंपनीतल्या त्या पैशांनी. त्या पैशांना तर कधी हात लावावा लागला नव्हता. लावावा लागू नये म्हणून कोण जागत होतं, ते समोर बसलं होतं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन.

एक मत बाजूने, एक विरोधात. पुढे काय करतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी अकाउंटंट बाईंना फोन लावला. बाई आधी मनापासून हसल्या. “समसमान झालं तर अध्यक्षांना आणखी एक मत असतं. निर्णायक मत. ठराव तुमचाच आहे, तेव्हा झाला म्हणायचा मंजूर.”

“थांबा,” लिफ्टवाले म्हणाले. “अध्यक्षांचं मत ठरावाच्या विरोधात. लिहून घ्या. कंपनी बंद.”

“दोन वर्षं स्वतःच्या धंद्यात परत येता येणार नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. आणि इतिवृत्तात आणखी एक वाक्य घाला. अध्यक्षांनी भागधारकाचे आभार मानले.”

“असं वाक्य लागत नाही हो कायद्याने.”

“कायद्याला नसेल लागत,” लिफ्टवाले बायकोकडे बघत म्हणाले, “मला लागतं.”