रुमालाखालची बोटं

सुचिताला राग यायला फार वेळ लागत नाही. जिल्ह्यातल्याच मालेगावहून वाशीमला येणाऱ्या सकाळच्या बसमध्येच तिची अर्धी चिडचिड उरकते, उरलेली अर्धी ती अतिदक्षता विभागासाठी राखून ठेवते. बापाचा मालेगावला भाजीचा मळा. कोथिंबिरीच्या जुड्या बांधून झाल्या की मगच ही पोर नर्सिंगच्या वर्गाला जायची. नासका माल आणि कामचुकार माणूस तिला तेव्हापासून खपत नाही. नोकरीला अठरा वर्षं झाली. हाताखालच्या मुली तिला टरकून असतात, आणि ती सुट्टीवर गेली की तिचीच वाट पाहतात.

त्या आठवड्यात तिच्या डोक्याला ताप होता तो तीन नंबरच्या खाटेवरचा हेमसिंग. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, सत्तरीचा, जन्मभर बैलबाजारात दलाली केलेला माणूस. न्यूमोनियाने छाती भरली म्हणून घशात नळी घातलेली, नळीला श्वासाचं मशीन. नळी असली की आवाज फुटत नाही, आणि लिहिणं त्याला कधी आलंच नव्हतं.

पहिल्याच दिवशी राधिका, नवी नर्स, लालबुंद होऊन आली. "सिस्टर, तो म्हातारा माही बोटं धरून ठेवते. चादरीखाली हात ओढते. मी नाही जात त्याच्याकडे."

"भ्रम झाला असंन. त्याचं काय एवढं!" सुचिता खेकसली.

पण संध्याकाळी त्याने डॉक्टरांचीही बोटं धरली, आणि त्या झटापटीत नळी उपसता उपसता राहिली. मग त्याचे दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधले. बांधल्यावर तो जास्तच धडपडू लागला. धडपडला की मशीन बोंबलायचं, मशीन बोंबललं की झोपेचं औषध. तीनदा हेच झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगून टाकलं, "उद्या दुपारपर्यंत जागे आणि शांत राहिले तर नळी काढू. नाही तर गळ्याला छिद्र पाडावं लागेल."

सुचिताकडे अशा रोग्यांसाठी चित्रांचा एक तक्ता होता. पेला, पंखा, चादर, शौचाचं भांडं. तिने स्वतः खपून केलेला. तिने म्हाताऱ्याचा एक हात सोडला आणि तक्ता पुढे धरला. बोट पंख्यावर गेलं. पंखा लावला, तर मान हलली, नाही. बंद केला, तरी नाहीच. शेवटी त्याने तक्ता असा झटकला की तो खाटेखाली गेला.

"बाबा, तुमच्यासाठीच मरून राह्यली ना मी! काय पाह्यजे तुमाले नेमकं?" सुचिताचा आवाज चढला. हेमसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने पुन्हा तिची बोटं पकडली.

तेवढ्यात चार वाजले. भेटीच्या वेळेला त्याची बायको ललिताबाई आत आली. दहा मिनिटांची मुभा. तिने ती पकड पाहिली आणि काही न विचारता आपला पदर दोघांच्या हातांवर टाकला. म्हाताऱ्याची धडपड तिथल्या तिथे थांबली.

"बोलून राह्यले ते," ललिताबाई म्हणाली. "चाळीस वर्सं बाजारात हेच केलं. बैलाचा भाव तोंडानं नाई सांगत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतेत. मले नाई समजत त्याईचा हिशोब. पन उघड्यावर कोन बोलते, बाई?"

सुचिताने कपाळावर हात मारला. मालेगावच्या बाजारात रुमालाखाली हात घालून उभी राहिलेली माणसं ती लहानपणापासून पाहत आली होती. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन त्यांच्या शेजारून शंभरदा गेली असेल.

तिने दुसराही हात सोडला, रुमाल मागवला आणि त्याच्या कानाशी वाकून ठरवून टाकलं. एक बोट म्हणजे कफ काढा, दोन म्हणजे दुखते, तीन म्हणजे कूस बदला, चार म्हणजे तहान. हेमसिंगने लगेच तीन बोटं दाबली. कूस बदलली. मग दोन. दुखण्याचं औषध दिलं. रात्रभर मशीन बोंबललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नळी निघाली.

संध्याकाळी त्याला घोगरा आवाज फुटला. सुचिता खाटेशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, तीन दिवस सांगत काय होते तुमी?"

"पयल्या दिवशी पाठ खाजत होती." तो दमला, थांबला. "मंग... हात सोडा म्हनत होतो."

त्या पट्ट्यांच्या गाठी तिनेच मारल्या होत्या, जुडीला मारतात तशा, घट्ट. या वेळी चिडायला समोर दुसरं कोणी नव्हतं, आणि स्वतःवर चिडायची तिला सवय नव्हती.

पाच नंबरच्या खाटेवर नवा रोगी आला होता. राधिका त्याच्या मनगटाला पट्टी गुंडाळत होती.

"थांब," सुचिता म्हणाली. "आधी याच्या घरच्याईले आत बोलाव."

"सिस्टर, भेटीची वेळ तं चारची असते."

"माहीत हाये मले. बोलाव."