खुंटीवरचं प्रस्थान

शेजारच्या किराणा दुकानात फोन आला तेव्हा मी शाळेला निघालो होतो. दुकानदार दारातूनच ओरडला, "सर, मानवतहून फोन हाय, लवकर या." पलीकडे दाजींच्या आडतीवरचा मुनीम होता. दाजींनी सकाळी नेहमीप्रमाणे दुकान उघडलं, गादीवर बसले, चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत लोडाला टेकलेली मान परत वर उचललीच नाही... मुनीम रडत होता आणि मी उगाच "बरं, बरं" म्हणत होतो. स्वेटर घ्यायला घरात आलो तर समोरच दाराजवळच्या खुंटीवर दाजींचं चामड्याचं जाकीट. काय वाटलं कुणास ठाऊक, स्वेटर सोडून मी ते जाकीटच काढलं. त्यांची वस्तू त्यांच्यापाशी नेऊन ठेवावी, एवढाच विचार. बायकोने माझ्या हातातून ते हळूच काढून घेतलं. "हे नका नेऊ. पस्तान हाय न्हवं ते," असं म्हणून तिने ते पुन्हा खुंटीला अडकवलं. मी तसाच, स्वेटर न घालता, कुडकुडत एसटी स्टँडकडे गेलो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. विद्यापीठाच्या नावाचा इतक्या वर्षांचा प्रश्न एकदाचा सुटला, त्याच थंडीत दाजी लिंगैक्य झाले. दाजी म्हणजे विश्वनाथअप्पा, माझ्या थोरल्या बहिणीचे, काशीअक्काचे यजमान. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची कापूस आणि धान्याची आडत. मी मूळचा बोरीचा, नोकरीने परभणीला, त्यांचा एकुलता एक मेव्हणा. मेव्हण्याने दाजींची थट्टा करायची आणि दाजींनी मेव्हण्याचा कान पिळायचा, हे आमच्याकडे लग्नातच ठरून जातं. आम्ही दोघांनी ते काम अखेरपर्यंत चोख बजावलं. पांढरा लेहंगा, म्हणजे पायजमा, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे आणि त्यावर काळंभोर चामड्याचं जाकीट घालून राजदूत मोटारसायकलवरून मोंढ्यात शिरणारा दुसरा आडत्या अख्ख्या जिल्ह्यात नसेल. ज्यांना परभणीची थंडी माहीत नाही ते हसतील. पण ती हाडात शिरते, आणि दाजी थंडीचे कच्चे होते. "मन्मथराव, शौक न्हाई ह्यो, विलाज हाय," असं ते मला सांगायचे. शौकच होता.

जाकीट त्यांना तरुणपणी हैदराबादच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात मिळालं होतं. कुणा रुंद खांद्याच्या परदेशी माणसासाठी शिवलेलं. दाजी अंगाने किरकोळ, त्यामुळे त्यात ते थोडे हरवायचे. पण शिवण अशी की कितीही न्याहाळा, टाका दिसत नसे. गळ्याच्या आतल्या बाजूला कापडाची छोटी पट्टी होती आणि तिच्यावर कारागिराचं नाव, उंबेर्तो, आणि इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला पत्ता. आपण एखाद्या देवळाचं नाव घ्यावं तसं दाजी ते नाव घ्यायचे. गिऱ्हाईक कापसाचा भाव विचारत असायचं आणि दाजी त्याला बाहीची शिवण दाखवत असायचे.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. दाजींची आई, आम्ही सगळे तिला माय म्हणायचो, कडक शिवभक्त. त्यांच्या घरात चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे. पट्टा नाही, पाकीट नाही. त्यात गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग. ते आमच्या लिंगायतांत जन्मल्यापासून मरेपर्यंत अंगावर असतं, ते उतरवायचं नसतं. त्या लिंगावर चामडं पांघरायचं? माय म्हणाली, "एक तर ते काढ, न्हाई तर हे." दाजींनी बराच वाद घातला. "माय, आपल्या शरणसंतांत जोडे शिवणारे न्हवते का? त्यांना आपण हात जोडताव का न्हाई?" माय म्हणाली, "व्हते की. म्हून तर तू बी जोडे पायात घाल. अंगात कामून घालायलास?" शेवटी तोड निघाली ती अशी : जाकीट दुकानाच्या खिळ्यावर राहील, घरात येणार नाही, आणि घालायचं तेव्हा लिंगाची डबी जाकिटाच्या वरून, बाहेर लोंबत राहील. चामड्याच्या खाली देव नाही, वर देव. मोंढ्यातली पोरंटोरं हसायची. दाजींना त्याचं काही नव्हतं, पण डबी गाडीवर सारखी छातीवर आपटायची आणि तिचा दोरा झिजायचा.

मग त्यांना वाटलं, ज्यानं शिवलं त्यालाच विचारावं. मी इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे पत्र माझ्या गळ्यात पडलं. आमच्या छातीवर देव असतो, तो चामड्याला लागायला नको, म्हणून आतून सुती कापडाचा एक खिसा असलेलं माझ्या मापाचं जाकीट शिवाल का, हे इटलीतल्या माणसाला समजेल असं लिहिताना माझा घाम निघाला. माझी खात्री होती की उत्तर येणार नाही. पण आलं. त्याच्या मुलीने लिहिलं होतं : बाबा म्हणतात, अशी गोष्ट पत्राने होत नाही, माणूस समोर हवा, तुम्ही या, तुमचं माप घेऊ आणि तुमच्या देवाचंही घेऊ. दाजींनी ते मला पुनःपुन्हा वाचायला लावलं. "देवाचं बी माप घेतो म्हंतोय, मन्मथ. ह्यो माणूस आपला हाय!"

झालं, त्या दिवसापासून परदेशवारीचा बेत सुरू झाला. माझ्या शाळेतला नकाशा मी सुट्टीत मानवतला नेला, तो परत मागायची मला लाज वाटू लागली. इतर लोक परदेशी जाताना चार ठिकाणं ठरवतात. दाजींचं ठिकाण एकच, ती गल्ली आणि ते दुकान. काशीअक्का पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आन् बाकी काय बघायचं तिथं?" दाजी म्हणायचे, "बाकी वाटंत लागंल ते." अक्का मला म्हणायची, "लोक काशीला जातेत रे, हे शिंप्याकडं निघालेत. आन् मला बी न्यायलेत, त्यानं माप घेताना टेप धरायला." हसत होती, पण तिनेही एकदा मला हळूच विचारलं होतं की तिथे नऊवारी लुगडं चालतं का. बेत मात्र दर वर्षी पुढे जायचा. कधी कापूस भिजला, कधी घरात लग्न निघालं, कधी माय आजारी. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदाराने कारण विचारलं आणि दाजींनी खरं ते सांगितलं. तो समोरचा चहा न पिताच गेला.

आणि मग तो दिवस आला... नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, एसटी बंद, रस्ते ओस. मी बोरीला अडकलो होतो. दाजी मला न्यायला राजदूत घेऊन आले. पहाटेच्या थंडीत झरीवरून, परभणीवरून आम्ही मानवतला आलो. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. दुकानाशी उतरलो आणि दाजींचा हात सवयीने छातीवर गेला. दोऱ्याचं तुटकं टोक होतं, डबी नव्हती. मी त्यांचा चेहरा तसा त्याआधी आणि त्यानंतरही पाहिला नाही. त्यांनी जाकीट काढलं, खिळ्यावर भिरकावलं आणि म्हणाले, "ह्याच्यापायी गेलं." आम्ही तसेच उलटे फिरलो. झरीला डबी छातीवर होती, म्हणून झरीपर्यंत रस्त्याची एकेक कड धुंडाळली, बाभळीखालचं गवत हाताने चाळलं. काही नाही. लिंग सापडेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा आमच्याकडचा जुना नेम. गुरूकडून दुसरं घेता येतं, असं मी पुटपुटलो. दाजी म्हणाले, "बाप बदलता येतो का?" परत आलो तेव्हा दुपार कलली होती. दुकानाच्या पायरीवर ते कोरड्या ओठांनी बसले. घरात मायनेही तांब्या पालथा घातला होता. अक्का दोघांच्या मध्ये येरझाऱ्या घालत होती आणि मला जाकिटाचा इतका संताप आला होता की ते नेऊन जाळावंसं वाटलं.

उन्हं उतरताना माय काठी टेकत दुकानात आली. तिने विचारलं, "सगळं बघितलं?" आम्ही हो म्हणालो. तिने काठीने खिळ्याकडे दाखवलं. "हे?" खरंच, आम्ही सगळं धुंडाळलं होतं, फक्त तेवढं सोडून. दाजी रागाने हात लावत नव्हते, बाकीचे आम्ही चामडं म्हणून. माय पुढे झाली. साऱ्या जन्मात चामड्याला हात न लावलेली ती बाई. तिने जाकीट खाली घेतलं, मांडीवर पसरलं आणि गोधडीतली गाठ चाचपतात तशी त्याची कड बोटांनी दाबत गेली. तळाशी तिची बोटं थांबली. गळ्यापाशी अस्तर उसवलं होतं. दोरा तुटल्यावर डबी गाडीच्या धक्क्याने उसळली आणि तिथून आत घसरून अस्तराच्या तळाशी जाऊन बसली होती. दिवसभर ती त्या खिळ्यावरच टांगलेली होती... मायने डबी कपाळाला लावली. दाजी लहान पोरासारखे रडले. माय म्हणाली, "उगी. तू बाहीर ठिवलास, त्यो आपल्या मनानं आत जाऊन बसला. आता मी कोण न्हाई म्हणणारी?" मग तिने हमालाकडून पोत्याचं दाभण मागितलं. ते फार जाड म्हणून अक्काने घरातून सुई आणली. आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा कापून मायने जाकिटाच्या आत डाव्या बाजूला खिसा शिवला. शिवला तोही पायरीवरच बसून. उंबऱ्याचा नियम तिने तेव्हाही मोडला नाही.

आता खरं तर इटलीला जायचं कारणच उरलं नव्हतं. मी तसं बोललोही. दाजी म्हणाले, "येडा का खुळा तू? आता तर जायाच पायजे. मायची शिवण त्याला दावायची हाय." गेल्या दिवाळीनंतर त्यांनी खरंच मनावर घेतलं. त्यांचा आणि अक्काचा पासपोर्ट हाती होता, आडत मुनिमावर सोपवायचं ठरलं. पण तिकिटं व्हायची होती आणि मठाच्या स्वामींनी सांगितलेला चांगला मुहूर्त जवळ आला. अशा वेळी आपल्याकडे प्रस्थान, बायकांच्या तोंडी पस्तान, ठेवतात. मुहूर्त टळू नये म्हणून सामानातली एखादी वस्तू आधीच दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, की प्रवास सुरू झाला. मग ती वस्तू प्रवास पुरा झाल्याशिवाय घरी आणायची नाही. दाजी जाकीट घेऊन परभणीला माझ्या घरी आले. मी म्हणालो, "दाजी, इटली मावळतीला, मुंबईची गाडी मानवत रोडवरून जाते, आणि तुम्ही प्रस्थान ठेवायला उगवतीला उलटे आलात?" ते म्हणाले, "मानवत रोडला चढलं की उभं ऱ्हावं लागतंय. जागा परभणीलाच भेटती." स्वतःच्या हाताने त्यांनी ते खुंटीला लावलं, बाह्या सरळ केल्या, आणि यंदाची थंडी घोंगडीवर काढली. मला अजून वाटतं, ते जाकीट अंगावर असतं तर... पण थंडीने काही कुणाचं हृदय थांबत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. दाजींना तसंच बसवलं, डाव्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवलं, वरून बेल आणि विभूती. माय खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिने एकदाच विचारलं, "पस्तान कुठं हाय?" मी म्हणालो, माझ्या घरी. तिने मान हलवली.

परवा अक्का आली. मला वाटलं, न्यायला आली. मी जाकीट काढून झटकायला लागलो, तशी ती म्हणाली, "पस्तान माघारी न्हेत न्हाईत, मन्मथ. मायनी बी तेच सांगितलंय." लग्नापासून आजवर तिने त्या जाकिटाला बोट लावलं नव्हतं. ती उठली, दोन्ही हात बाह्यांत घातले. नऊवारीवर ते काळं जाकीट, बोटांच्याही पुढे लोंबणाऱ्या बाह्या. माझी बायको तोंडाला पदर लावून बाजूला झाली, हसायला की रडायला ते कळलं नाही. अक्काने आपल्या गळ्यातली डबी हातात घेतली आणि मायच्या इरकली खिशात ठेवली. ती नीट बसली.

"त्या शिंप्यानं माप घेतो म्हणलं व्हतं न्हवं?" ती म्हणाली. "मग माझं घे म्हणावं. मला बी थंडी वाजती."

तिने डबी पुन्हा गळ्यात घेतली, जाकीट खुंटीला लावलं, बाह्या सरळ केल्या, आणि चपला घालता घालता म्हणाली, "तुजा पासपोर्ट काढ. मला इंग्रजी येत न्हाई."