लाल गाडीचे पेढे

आमच्या घरात नव्या गाडीची सगळ्यात जास्त हौस सासूबाईंना. जुनी मोटारसायकल धूर ओकायला लागली तेव्हा गावातला मिस्त्री म्हणाला, "इंजिनचं काम करून घ्या, अजून लय वर्षं चालंल." नवऱ्याचं काही ठरेना. सासूबाईंनी निकाल दिला, "नवीच घ्या. अन् लाल घ्या." मीही री ओढली, कारण त्या धुराचा वास माझ्या साड्यांना यायचा.

ठरल्या दिवशी मायलेक जुन्या गाडीवरून परभणीला निघाले. जुनी देऊन नवी आणायची होती. मी मागून एसटीने. मांडीवर पेढे, हार, नारळ, लिंबं. गावभर सांगून झालेलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

शोरूममध्ये पोचले तर सासूबाई पदर खोचून लाल गाडीपाशी उभ्या. एका बाजूने नवरा धरतोय, दुसऱ्या बाजूने तिथली मुलगी; पण मागची सीट इतकी उंच, की न वाकणाऱ्या गुडघ्याने चढायचं कसं? काळी पाहिली, निळी पाहिली. सगळ्या तशाच. आमच्या जुनीची सीट बसकी, आणि तिला वेल्डिंगवाल्याकडून खास सासूबाईंच्या पायासाठी रुंद पायदान लावलेलं. दर बाजाराला त्या लेकामागं बसून पालमला लेकीकडे जात. एसटीची पायरी त्यांना चढवतच नव्हती.

"घ्या तुमी," त्या म्हणाल्या. "मला आता कुटं जायचंय?"

बाजाराच्या दिवशी सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसणारी ही बाई! मला रडू आलं, आणि त्या उंच सीटांचा भयंकर रागही आला.

नवरा तसा मुखदुर्बळ. "चल माय, घरी," एवढंच म्हणाला आणि जुनीची चावी परत मागून घेतली.

"येडा का खुळा? गाव काय म्हणंल?"

"पेढं खाईल अन् गप बसंल."

मग मलाही उधाण आलं. शोरूमच्या दारातच जुन्या गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. ती मुलगी हसत हसत कुंकू घेऊन आली. सासूबाई पायदानावर पाय देऊन ऐटीत बसल्या आणि लिंबं चिरडत गाडी निघाली, धूर सोडत.

गावात जो तो विचारी, "नवी कुठाय?" सासूबाई प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत सांगायच्या, "हीच नवी करायलाव."

मिस्त्रीने इंजिन खोललं. सासूबाई रोज काठी टेकत त्याच्या दुकानी जाऊन बसत, आणि रंग लालच हवा म्हणून त्याचं डोकं खात. शेवटी त्याने लालच दिला.

पुढच्या बाजाराला गाडी दारात आली. धुराचं नाव नाही. सासूबाई ठेवणीतल्या लुगड्यात, पायदानावर पाय देऊन चढल्या, लेकाचा खांदा धरला आणि मला म्हणाल्या, "माझी भाकर टाकू नको. लेकीकडं जेवूनच यीन."