एका टाकीत किती तास?

आमच्या दुकानात किस्से जमायला वेळच लागत नाही. जुना सांगून संपत नाही, तोवर गिऱ्हाईक नवा घेऊन दारात हजर! द्वारका चौकाजवळ आमचं गॅसवर चालणाऱ्या जनरेटरचं दुकान आहे. फोन मी घेते, मशीन अण्णा बघतात. अण्णा सटाण्याकडचे. वीस वर्षं हेच काम करतायत, आणि चिडले की थेट अहिराणीत घुसतात.

येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "एका टाकीत किती तास चालेल?"

अण्णा म्हणतात, "त्यावर काय काय चालवणार, ते आधी खरं सांगा."

आणि खरं कोणी सांगेल तर शपथ!

*

सिन्नरच्या एक मॅडम. फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "दोन पंखे, तीन ट्यूब, बास." अण्णांनी तीस तास सांगितले. टाकी पंधरा तासांत संपली. मॅडमचा आवाज लगेच चढला, "अर्धी टाकी दिलीत तुम्ही! फसवणूक आहे ही!"

अण्णा काटा घेऊन सिन्नरला गेले. काटा म्हणजे टाकी टांगून वजन करायचा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्याशी लिहिलेलंच असतं. ते वजा केलं की आत गॅस किती, ते कळतं. बघतात तर पंखे दोन, ट्यूब तीन, आणि मॅडम निवांत कपड्यांना इस्त्री करतायत!

"ही इस्त्री कुठं सांगितली होती तुम्ही?"

"अहो, टीव्ही बंद असतो तेव्हाच तर मला इस्त्रीला वेळ मिळतो!"

*

पंचवटीतल्या गुरुजींची तऱ्हा वेगळी. ऐन थंडीत पहाटे फोन. "मशीन बंद पडलं, टाकी संपली, यजमान येऊन बसलेत!" अण्णांनी वजन केलं, तर सात किलो गॅस शिल्लक. एकाच टाकीतून भराभर गॅस ओढला की टाकी गार पडते, बाहेरून दव धरते, आणि आतला गॅस वर यायला तयार होत नाही. पण इथं भानगड पुढेच होती. टाकीला सत्कारातली भरजरी शाल गुंडाळलेली!

"गुरुजी, हे काय?"

"गारठली होती हो बिचारी."

"काढा आधी! तिला बाहेरच्या हवेचीच ऊब लागते. पांघरूण घातलं की ती आणखी गारठते."

गुरुजींनी शाल काढली, घडी घातली आणि म्हणाले, "आमच्या घरात शाल नको म्हणणारी ही पहिलीच."

*

पण सगळ्यात जास्त जीव आम्ही लावला तो देवळाली कॅम्पच्या सुभेदारांना. रिटायर्ड माणूस, ताठ कणा, हातात वही. पहिल्याच दिवशी समोर बसले आणि म्हणाले, "माझी बायको ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. लाइट गेली की मशीन बंद. मला अंदाज नको, आकडा पाहिजे."

अण्णांनी पहिल्यांदाच उलटा प्रश्न विचारला नाही. सगळा लोड कागदावर मांडला. ऑक्सिजनचं मशीन, एक पंखा, एक ट्यूब. "तासाला साधारण सातशे ग्रॅम जाईल. भरलेल्या टाकीत अठ्ठावीस तास. पण घरी तपासून बघा."

मग काय! दर रविवारी सकाळी सुभेदार घरातली लाइट स्वतःच बंद करायचे, मागच्या अंगणात जनरेटर लावायचे, आणि तीन तासांनी टाकीचं वजन करून मला फोन करायचे. "लिहून घ्या!" फ्रिज, मिक्सर, गिझर, सगळ्यांच्या बटणांवर त्यांनी चिकटपट्ट्या मारल्या होत्या. जानेवारीत स्वतः थंड पाण्यानं अंघोळ! वर मलाच ऐकवायचे, "फौजी शरीर आहे! पाणी मला तर कोमटच लागतं!" मी हसायचे आणि आकडा लिहून घ्यायचे.

*

आकडा मात्र जुळेना. तीन तासांत गॅस दोन किलो शंभर ग्रॅम जायला हवा, तर जायचा दोन किलो चारशे. दर रविवारी! तीनशे ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं मी म्हणाले, तर अण्णा माझ्यावरच उखडले. "हाई काय शे? अख्ख्या टाकीला चार तास कमी होतात! ते चार तास त्या बाई श्वास कुठून घेणार? आणि गळती असली तर? घरात ऑक्सिजन आहे!"

शनिवारी अण्णा मला घेऊन देवळालीला गेले. पाइपच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. बैठकीत काकू नाकात नळी लावून बसल्या होत्या, आम्हाला चहा घ्याच म्हणत होत्या. अण्णांनी सुभेदारांना स्पष्ट विचारलं, "साहेब, आणखी काही चालतं का यावर?"

"काहीही नाही!" सुभेदार कडाडले.

रविवारी अण्णा चाचणीला परत गेले आणि मागच्या अंगणात जनरेटरपाशी कान देऊन उभे राहिले. आठ वाजता सुभेदार पुढच्या फाटकाशी पेपर आणायला गेले, आणि इंजिनाचा आवाज एकदम जड झाला. कुठंतरी मोठा लोड पडला होता. अण्णा मागच्या दारानं आत शिरले. काकू न्हाणीघरात. नाकातली लांब नळी बैठकीपासून फरफटत मागे आलेली, आणि बादलीत पाणी तापवायचा रॉड!

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. धापा टाकतच म्हणाल्या, "सांगू नका हो त्यांना. माझ्यापायी गार पाणी घेतात अंगावर. छाती भरली त्यांची, तर मला बघायला कोण आहे?"

अण्णांनी शब्द दिला. दुकानात येऊन मला सगळं सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

*

सोमवारी सुभेदार वही घेऊन हजर. "सापडली गळती?"

"गळती नाही. पण अठ्ठावीस नको, चोवीसच धरा. आणि दुसरी भरलेली टाकी कायम जोडून ठेवा, मी आजच देतो."

"ठेवतो. पण चोवीस का?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. या माणसाला खोटं बोलायची सवयच नाही! "थंडी आहे साहेब... मशीनही जरा... म्हणजे..."

सुभेदारांनी वही मिटली. मागं कोणी नाही ना ते बघितलं आणि हळूच विचारलं, "तिच्या रॉडचं धरलंत ना त्यात?"

मी हातातला फोन खाली ठेवला. अण्णा उठून उभेच राहिले. "तुम्हाला माहीत होतं? मग शनिवारी मी विचारलं तेव्हा नाही कशाला म्हणालात?"

"अहो, ती समोरच बसली होती ना!"